चौदा खुणा

“सायेब, हिला आता ऱ्हाऊ द्या. नवीच घ्या.”

हे बोलताना श्रीपतीतात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते चिंधीला हात पुसत होते, आणि हात तर केव्हाच पुसून झाले होते. माझी सायकल दुकानाच्या आतल्या भिंतीला टेकवलेली होती. पुढचं चाक काढलेलं आणि अंगावर चक्क पोतं पांघरलेलं. सायकलला पोतं कोण पांघरतं?

“नवी का?” मी विचारलं.

“वय झालं तिचं.”

“पंधरा दिवसांपूर्वी नव्हतं झालं?”

तात्यांनी चिंधीची घडी घातली. साठीचा माणूस, साताऱ्यात चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करणारा, आणि तेलकट चिंधीची घडी घालत बसलाय. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

कारण पंधरा दिवसांपूर्वी याच माणसानं याच जागी उभं राहून नेमकं उलटं सांगितलं होतं. “नव्याच्या नादाला लागू नका. गाडी दमदार हाय. पुढल्या चाकाला शॉकअपचा चांगला चिमटा घालू, गिअर बदलू, डिस्कब्रेक बसवू. पोरगी हिच्यावरच जिंकंल.” माझी मुलगी स्नेहल तेव्हा शेजारीच होती. तिनं आनंदानं सायकलची सीट थोपटली होती.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. जाड टायरांची, डोंगरात चालवायची ती गिअरची सायकल मूळ माझी. पोट कमी करायच्या उत्साहात घेतली आणि सहा महिन्यांत जिन्याखाली लावली. चौदाव्या वर्षी स्नेहलनं ती बाहेर काढली, आणि मग ती रोज पहाटे यवतेश्वरचा घाट चढून जायला लागली. सतराव्या वर्षापर्यंत तिला दुसरं काही सुचेनासं झालं. राज्याच्या संघासाठी निवड चाचणी व्हायची, खडकाळ उतारावरून. आदल्या वर्षी ती सहावी आली आणि संघात घेतले पाच. अठरा वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. चाचणीला तीन आठवडे राहिलेले. तोवर ती मैत्रिणीची सायकल मागून कसाबसा सराव करत होती, आणि इकडे तात्या म्हणत होते, वय झालं तिचं.

आता माझ्याबद्दलही सांगायला हवं. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. पंपांचे सुटे भाग बनायचे. दिवसभर लोक मला सांगायचे की माल बरोबर आहे, आणि मी तो बरोबर नाही असं धरून चालायचो. त्याचाच मला पगार मिळायचा. ही सवय संध्याकाळी गेटवर ठेवून घरी येता येत नाही. मी दुधात बोट बुडवून बघायचो, आंब्याच्या पेटीतला खालचा थर आधी काढायला लावायचो. माझी बायको शैला म्हणायची, “लग्नात माझ्या बापानं मुलगी बदलली नाही ना, हेही तुम्ही एकदा तपासून घेतलं असेल.” मी हसायचो. पण तपासणारा माणूस फसत नाही, असं मला मनापासून वाटायचं.

या सगळ्याच्या दोन वर्षं आधी आमच्या विभागातल्या जगदाळेच्या मोटारसायकलचं कोरं टायर एका गॅरेजवाल्यानं काढून घेतलं आणि झिजलेलं बसवून दिलं. ते ऐकलं आणि त्याच रविवारी दुपारी, घरात सगळे झोपलेले असताना, मी सेंटर पंच घेऊन जिन्याखाली बसलो. जाड खिळ्यासारखं टोकदार हत्यार असतं. त्यावर हातोडीचा एक ठोका दिला की धातूवर बारीक खड्डा उमटतो, तो पुसता येत नाही. स्नेहलच्या सायकलच्या एकेका भागावर मी तशी खूण केली. दोन्ही रिम, दोन्ही पायडल, पायडलांचे दांडे, ब्रेक, गिअर, हँडल, सीटचा दांडा, चिमटा, अगदी फ्रेमसुद्धा. सहज दिसणार नाही अशी जागा बघून. चौदा खुणा झाल्या. कुणाला सांगितलं नाही, शैलालाही नाही.

तात्यांकडून सायकल आली की मी बॅटरी घेऊन जिन्याखाली वाकायचो. चाकं, गिअर, ब्रेक. दर वेळी खुणा जागच्या जागी असायच्या. दुसऱ्या कुणाला यातून बरं वाटलं असतं. मला वाटायचं, गडी हुशार आहे, मोठा हात मारायची वाट बघतोय.

आणि आता ती वेळ आली होती. राजपथावर दोन महिन्यांपूर्वी सायकलींचं काचेचं नवं शोरूम उघडलं होतं. तात्यांशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, कंपनीच्या बसमधून येताना, मी खिडकीतून बघितलं तर तात्या आत खुर्चीवर बसलेले. हातात चहाचा कप, समोर शोरूमचा मॅनेजर. शुक्रवारी पुन्हा तेच. एकदा दिसले असते तर योगायोग म्हटला असता.

रात्री जेवताना मी विषय काढला.

“तात्यांना कमिशन मिळतंय.”

स्नेहलचा घास हातात राहिला. “कुणाला? आपल्या तात्यांना?”

“शोरूममध्ये बसून चहा पीत होते. दोनदा बघितलं मी.”

“चहा प्यायला म्हणजे कमिशन?” शैला म्हणाली. “मग तुम्हाला तर अख्ख्या साताऱ्याकडून मिळत असेल.”

“तू थांब गं. पंधरा दिवसांत सायकलचं वय कसं झालं? मी विचारलं तर नजर चुकवली. सायकलवर पोतं टाकून ठेवलंय.”

“पप्पा, तात्या माझ्याकडून पंक्चरचे पैसेसुद्धा घेत नाहीत.”

“त्यालाच गळ टाकणं म्हणतात.”

हे बोललो आणि स्नेहलचा चेहरा असा पडला की मला वाईट वाटलं. ताटात बोटं फिरवत ती म्हणाली, “तात्या नवी घ्या म्हणतायत म्हणजे त्यांना काहीतरी दिसलं असणार. मग घ्यायला लागेल.”

“काय दिसलं ते सांगत का नाहीत?”

“मला खरं तर जुनीच हवीय,” ती हळूच म्हणाली. “ती कुठे घसरणार ते मला पायातून आधी कळतं. नवीला ओळखायलाच महिना जाईल.”

झालं, माझं ठरलं. पोरीला जुनी हवी, जुनी दमदार आहे असं तात्यांनीच आधी सांगितलेलं, मग नव्याचा आग्रह कुणाच्या फायद्याचा? कराडला एक मेकॅनिक एका दिवसात चिमटा आणि ब्रेक बसवून देतो असं जगदाळे म्हणाला होता. मी त्याच्याशी फोनवर बोललोही. आता फक्त तात्यांकडून सायकल उचलायची होती.

तेच होईना. सोमवारी गेलो तर तात्या म्हणाले, “पुढलं चाक खोललंय, बेरिंग यायचंय. बुधवारी या.” बुधवारी गेलो तर दुकान भर दुपारी बंद. गुरुवारी फोन केला. “शनवारी या सायेब, नक्की.” एका चाकाच्या बेरिंगला इतके दिवस? मी फळ्यांच्या फटीतून आत डोकावूनही आलो होतो. पोतं होतं तसंच होतं. पण पोत्याखाली माझीच सायकल आहे की दुसरं काही, हे बाहेरून कसं कळणार? चाचणीला आता अकरा दिवस राहिले होते. स्नेहल घरात काही बोलत नव्हती, पण मैत्रिणीची सायकलही तिनं परत दिली होती, कारण मैत्रिणीलाही चाचणीला उतरायचं होतं.

शनिवारी अर्धी पाळी. गेटवरून मी थेट दुकानात गेलो. तात्या एकटेच होते.

“तात्या, सायकल द्या.”

“देतो की. बसा जरा.”

“बसायला वेळ नाही. चाक बसवलं असेल तर तशी द्या, नसेल तर सुटी द्या. मी टेम्पो करतो.”

“टेम्पो?” तात्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “कुठं नेणार?”

“ते मी बघीन.”

“कुणाकडनं चिमटा घालून घेणार असाल.”

“घेईन नाहीतर नाही. तुम्ही बसवत नाही म्हणालात ना? मग तुम्हाला काय करायचंय?”

“मग देत न्हाई.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “देत नाही म्हणजे? माझी सायकल आहे ती.”

“तुमचीच हाय. पर देत न्हाई. पोलिसात जायचं तर जावा.”

माझा तोल सुटला. तोपर्यंत मनात साठवून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. शोरूममधला चहा, बंद दुकान, बेरिंगची थाप, सगळं. शेवटी मी म्हणालो, “शोरूमवाला एका गिऱ्हाइकामागे काय देतो ते तरी सांगा, म्हणजे मला कळेल आमच्या पोरीचा भाव काय लावलाय ते.”

तात्या जागचे हलले नाहीत. “आसं वाटतं व्हय तुम्हाला,” ते म्हणाले. त्यात राग नव्हता. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

“मला काय वाटतं ते सोडा. आधी मला सायकल तपासू द्या. त्यातलं काय काय बदललंय ते मला लगेच कळतं.”

मी पोतं ओढून काढलं, खिशातून बॅटरी काढली आणि मागच्या चाकाशी उकिडवा बसलो. सायकल पुसून लख्ख केलेली होती. मी रिमवरून उजेड फिरवायला लागलो.

“व्हॉल्व्हच्या उजव्या अंगाला बगा,” मागून तात्यांचा आवाज आला.

माझा हात थांबला.

“पुढल्या चाकाची बी तिथंच. ते चाक त्या खुंटीला टांगलंय. पायडलाच्या दांड्यांना आतल्या बाजूनं एकेक. पायडलांना खालनं. हँडलाला रबराच्या आत. सीटच्या दांड्याची, दांडा खाली आसला की दिसत न्हाई, वर काढा म्हंजे दिसंल.” ते सावकाश, एकही जागा न चुकता सांगत गेले. “चौदा हायत. तुम्ही केल्या त्याच्यानंतर पयल्यांदा गाडी आली तवाच बघितल्या मी.”

मी वर बघितलं नाही. बॅटरी नुसतीच रिमवर पडलेली होती. दोन वर्षं मी या माणसाला दर महिन्याला हसून नमस्कार करत होतो, आणि दोन वर्षं त्याला माहीत होतं.

“तेरा तुमच्या तुम्ही बगून घ्या,” तात्या म्हणाले. “चौदावी मी दावतो.”

त्यांनी सायकल उचलून उलटी केली, हँडल आणि सीट जमिनीला टेकवून. जिथे फ्रेमची जाड नळी हँडलाखालच्या नळीला जोडलेली असते, तिथे जोडाच्या जवळ, खालच्या अंगाला, त्यांनी अंगठा फिरवला. “हितं उजेड धरा.”

माझा खड्डा तिथे होता. दोन वर्षांपूर्वी मी मोठ्या विचारानं निवडलेली जागा. फ्रेम कोण बदलणार म्हणून ती खूण मी नंतर कधी तपासलीसुद्धा नव्हती. खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी केसासारखी रेघ निघालेली होती. ती नळीला वळसा घालून जवळजवळ निम्म्यापर्यंत गेली होती. तात्यांनी फ्रेमवर हातानं जोर दिला. रेघ उघडली, आणि जोर काढल्यावर मिटली.

“वरनं नवा चिमटा घातला असता तर दगडाचा सगळा दणका हितंच बसला असता. पोरगी उताराला असती आन् हँडल हातात आलं असतं.”

मी खाली बसलो. उकिडवा नव्हे, जमिनीवर, तेलात. तीन-चार आठवड्यांपूर्वीपर्यंत स्नेहल याच सायकलवरून रोज घाट उतरत होती. पहाटे ती गेली की मी दार लावून पुन्हा झोपायचो. भीती काय असते ते मला त्या दिवशी कळलं, आणि ती मागे वळून बघताना वाटणारी भीती होती, जिच्यावर काही करता येत नाही.

आणि मी तपासणी विभागातला माणूस. नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात जे शिकवायचो त्यातली ही एक गोष्ट होती. पास झालेल्या भागावर खूण कुठे मारायची ते ड्रॉइंगमध्ये दिलेलं असतं. दुसरीकडे मारायची नाही, आणि जिथे ताण येतो तिथे तर मुळीच नाही, कारण धातूला तडा जायला तेवढी जखम पुरते. हे मी फळ्यावर आकृती काढून सांगायचो. घरी पंच हातात घेतला तेव्हा मला फक्त एकच दिसत होतं, खूण कुणाला सापडता कामा नये.

“तुम्हाला कधी दिसलं?” मी विचारलं.

“चिमटा काढला, माती धुतली, तवा. त्याच्या आधी चिखलानं भरल्यालं आसायचं.”

“मग सांगितलं का नाही तात्या? तडा गेलाय एवढंच म्हणायचं.”

तात्या माझ्यासमोर पत्र्याच्या डब्यावर बसले. “तडा गेलाय म्हटलं आसतं तर तुम्ही बगितलंच आसतं कुठनं गेलाय ते. बगितल्याशिवाय ऐकणारं मानूस न्हाई तुम्ही. मग कळलं आसतं की मलाबी कळलंय. त्याच्यानंतर तुम्ही माझ्या दुकानाची पायरी चढला नसता. आन् तुम्ही न्हाई म्हंजे पोरगी न्हाई. म्हटलं, नवी घेत्यात का बघू. मिटून जाईल.”

“आणि शोरूम?”

“तिच्या उंचीची फ्रेम ठिवत न्हाईत ते. समद्या उंच गड्यांच्या. मागं लागून पुण्यातनं मागवून घेतली. परवा आली. गिऱ्हाईक हाय म्हणून बाजूला काढाय लावली.” मग हसल्यासारखं करून म्हणाले, “च्या त्यांचा बरा नसतो.”

मला त्या वेळी इतकी शरम वाटली की माफी मागायलाही तोंड उघडेना. आजवर मला लोकांनी फसवलेलं मी पुष्कळदा मोजून ठेवलं होतं. माझ्या संशयाची लाज मला वाटू नये म्हणून कुणी स्वतःवर आळ घेतलाय, हे मोजायला माझ्याकडे काही नव्हतं.

चाचणीचं इथेच सांगून टाकतो. नवी सायकल मंगळवारी घरी आली. तात्यांनी जुनीची सीट, हँडल आणि पायडल काढून नवीला बसवले, म्हणजे पोरीला बसल्यावर परकं वाटू नये. स्वतः यवतेश्वरला तीन वेळा येऊन त्यांनी शॉकअप तिच्या वजनाला जुळवून दिला. स्नेहल चौथी आली. संघात गेली, पुढे दोन वर्षं खेळली, आता नाशिकला मुलांना शिकवते. जुनी फ्रेम तात्यांनी करवतीनं कापून तीन तुकडे केली आणि मगच भंगारात दिली, कुणी उचलून पुन्हा वापरू नये म्हणून.

पण मला आठवते ती त्या शनिवारची दुपार. मी अजून जमिनीवरच बसलेलो होतो आणि स्नेहल क्लासवरून परस्पर दुकानात आली. खांद्याला दप्तर, तोंडावर घाम.

“पप्पा, तुम्ही खाली का बसलाय?”

मी उठायला लागलो. तिची नजर तोवर उलट्या सायकलकडे गेली होती. तिची सायकल ती, काय बिघडलंय ते तिला शोधावं लागलं नाही. ती वाकली.

“बापरे. तडा गेलाय.” मग आणखी जवळ जाऊन, “हा खड्डा कसला आहे? इथूनच सुरू झालाय.”

तात्यांनी तोंड उघडलं. ते काय सांगणार होते मला माहीत नाही, पण खरं सांगणार नव्हते हे नक्की. मी त्यांना बोलू दिलं नाही.

“मी मारलाय तो. पंचनं. दोन वर्षं झाली.”

“तुम्ही? का?”

चौदा खुणांच्या जागा ज्यानं एकही न चुकता सांगितल्या तो माणूस दोन हातांच्या अंतरावर बसलेला होता, आणि माझी पोरगी माझ्याकडे बघत होती.

“चोरीबिरी झाली तर वळखता यावी म्हणून,” तात्या म्हणाले. “चांगल्या गाडीवर खूण करून ठिवत्यात, पोरी. तुझा बाप मोजूनमापून चालणारा मानूस.”

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. टोमणा कुठे दिसतोय का ते शोधलं, कारण शोधायची सवय. कुठेच नव्हता.

स्नेहलनं त्या रेघेवरून बोट फिरवलं, खड्ड्यापासून टोकापर्यंत. तिला सगळं पटलेलं होतं.

“मग तात्यांना विचारायचं ना, पप्पा,” ती म्हणाली. “कुठे मारायची ते त्यांनी सांगितलं असतं.”